आधी पाठवलेलं पान

डोडोमा, १२ मे १९८६

चि. ऐकांडेस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आपली बाग. ईस्टरला आलो तेव्हा बोललो नाही, कारण तू वाढत होतीस आणि मी जेवत होतो. केळींखाली पाचोळा घोट्याएवढा. झाडावर कोनफळाचा वेल, वेलाखाली अळू, अळूखाली काय आहे ते बघायचं धैर्य मला झालं नाही. दारातच घेवडा. आईच्या वेळीही असंच होतं म्हणशील. आईपुढे बोलायची माझी छाती नव्हती. तुझ्यापुढे आहे, निदान पत्रात.

मला झाडलेलं अंगण आवडतं. बसस्टँडवर जुने टायर विकत मी दुकान उभं केलं, ते प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवून. डिसेंबरात आमच्या लेकीचे, उपेंदोचे, होणारे सासू-सासरे घर बघायला येतील. खुर्च्या हिरवळीवर मांडायच्या आहेत. मोशीहून गवताची दोन पोती आणि गुलाबाची तीन रोपं येतील. घेवडा उपटून लाव. जमणार नसेल तर बाग चुलतभाऊ एलिसारियाला देतो, त्याच्याकडे गवत कापायचं यंत्र आहे. तू इकडे ये, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे.

लोभ असू दे, पाचोळा नको.
तुझा दादा, आनाएली

मारंगू, २९ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

गवत मिळालं, लावलं. आवडीनिवडीचं म्हणशील तर मला सरळ रेषा आवडत नाहीत. दिवसभर शाळेत पोरांना रांगेत उभं करते; घरी येऊन अळूलाही तेच सांगायचं जिवावर येतं. झाडलेली जमीन मला उघडी पडल्यासारखी वाटते. एलिसारियाची बाग पाहिली. दगडांनासुद्धा चुना लावलाय. तिथे गांडूळ आलंच तर दार वाजवून येईल.

बाकी क्षेम. सोबत कुंपणावरच्या इसालेचा शेंडा पाठवते आहे, पानाला गाठ मारून. बसच्या ड्रायव्हरला सांगितलंय, तुझ्या हातातच द्यायचा.

आहे तेवढा लोभ टिकवून ठेव.
ऐकांडे

डोडोमा, १० जून

चि. ऐकांडेस अ. आ.

शेंडा पोचला. गाठ मारलेलं इसालेचं पान हातात पडलं की माफ करायचं, हे आपल्या डोंगरावर दुधाबरोबर पाजतात, म्हणून मीही केलं. पण काय माफ केलं ते कळावं. शेंडा गल्ल्याजवळ तेलाच्या डब्यात पाणी घालून ठेवलाय. आपल्याकडचं गिऱ्हाईक आलं की तो बघून आवाज खाली आणतं, आणि कोण चुकलं म्हणून विचारतं. दोघांनी तर घासाघीस न करता टायर नेले. तरी लवकर लिही. तुझी वहिनी म्हणते, बाईमाणूस असं शांतपणे पान पाठवतं म्हणजे घर तरी जाळलं असेल.

लोभ आहे, जीव मात्र टांगलेला आहे.
आनाएली

मारंगू, २ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

घर आहे. गवत नाही.

पाटाच्या पाण्याची आपली पाळी आठवड्यातून एकदा, आणि ते सगळं पाणी तुझं गवत एकटं प्यायचं. तुझ्या जन्माच्या वेळी आईनं लावलेलं केळीचं बेट मान टाकायला लागलं. मी एक दिवस दोघांकडे बघितलं, मग गवत शेळीला घातलं. तिलाही फारसं आवडलं नाही, पण मोठ्या भावाची वस्तू म्हणून तिनं संपवलं. पान पाठवलं तेव्हा गवत जागेवरच होतं, हे खरं. शाळेतली सवय, रजेचा अर्ज आधी द्यायचा.

दारात परत घेवडा आहे. बेटाला पाचोळा घातला, त्यानं नवं पान काढलं. एक गुलाब जिवंत आहे. आता बाग कुणाला द्यायची ते तू ठरव. मी ट्रंक भरलेली नाही. भर म्हणालास तर आधी येऊन आईला सांग. तिचं थडगं बागेतच आहे.

लोभाचं तुझ्यावर सोपवलं.
ऐकांडे

डोडोमा, ५ ऑक्टोबर

चि. ऐकांडेस अ. आ.

माफ आधीच करून बसलो होतो, म्हणून रागावता येईना. त्या रागात तीन महिने गेले. तेवढ्यात शेंड्याला मुळं फुटली. जुन्या टायरमध्ये माती भरून लावला. खालचं एक पान वाळून पडलं, ते तुझ्या वहिनीनं झाडून नेलं. मी तिच्यावर ओरडलो आणि कचऱ्यातून काढून परत मुळाशी ठेवलं. तिनं केरसुणी माझ्या हातात दिली.

आता खरं कारण. बाग एलिसारियाला देईन असं मी लिहिलं, तेव्हा ती देऊन झाली होती. ईस्टरलाच, म्बेगेचा, आपल्या केळ्याच्या दारूचा, दुसरा भोपळा रिकामा झाल्यावर, मी त्याला शब्द दिला होता. तुला विचारल्यासारखं केलं, इतकंच. काल त्याला नकार कळवला. तो चुना आणून बसला होता. माझ्या झाडाला पाच पानं होती. एक गाठ मारून त्याला पाठवलं, एक या पत्रात आहे. बाग तुझी, आईनं ठेवली तशी ठेव. तीन पानं उरलीत आणि पाहुणे अजून यायचेत, तेव्हा मला ती बेतानं वापरायला हवीत.

लोभ उरला असेल तर असो, नसेल तर पान आहेच.
आनाएली

मारंगू, १९ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पान पोचलं. वाचण्याआधीच माफ केलं, ते बरं झालं. वाचल्यावर वेळ लागला असता. खुर्च्या तुझ्या बेटाच्या सावलीत मांडू. पाचोळ्यात पाय रुतले की पाहुणे लवकर उठत नाहीत.

तुझ्या गुलाबाला परवा कळी आली होती. सोबत माझ्या कुंपणावरचं एक पान आहे, गाठ मारून.

लोभ वाढावा. शेळीचाही नमस्कार.
ऐकांडे