डिस्क ठणठणीत

१० सप्टेंबर १९८४, सोमवार
मिलच्या संपानंतर पहिल्यांदा डबा घेऊन घराबाहेर पडलो. सुभद्रा घोडपदेवच्या नाक्यापर्यंत सोडायला येते म्हणाली. नको म्हटलं. लोकांना वाटायचं, म्हातारा शाळेत निघाला.
नोकरी शिवडीच्या यार्डात. हुद्दा ब्रेक इन्स्पेक्टर. जावयाने, रघुने शब्द टाकला म्हणून मिळाली. रघु तिथे खलाशी आहे. म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधायचं आणि ते वर गेलं की खाली उभं राहून ऑपरेटरला हातवारे करायचे. फोरमन दौलतने काम समजावलं. क्रेनच्या डोक्यावर एक पोलादी थाळी असते, तिला डिस्क म्हणतात. दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात, म्हणून ओझं हवेत थांबतं. घासून घासून थाळी पातळ होते. फार पातळ झाली की ओझं थांबत नाही. रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आत, वर जाऊन गेज लावून थाळीची जाडी मोजायची आणि त्याला सांगायची. एवढंच.
'वर' म्हणजे किती वर, हे आधी कोणी बोललं नव्हतं.
मिलमध्ये मी साचाखात्यात, म्हणजे मागांवर, तेलवाला होतो. दौलतला 'मेंटेनन्स' असं सांगितलं. तेच ते.
उद्या लवकर जाऊन चढायचं.

११ सप्टेंबर
दुसऱ्या पायरीपर्यंत गेलो. शिडी सरळ उभी, पायऱ्यांमधून आरपार आकाश. वारा होता. उतरलो. नव्या माणसाने आल्या आल्या यंत्राच्या डोक्यावर चढणं उद्धटपणाचं दिसतं.
शिवाय पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी नवं काम सुरू करत नाही. नोकरी सुरू झाली हे खरं, पण चढणं हे वेगळं काम आहे. घटस्थापनेपासून चढायचं. ठरलं.
दौलतने विचारलं, डिस्क कशी आहे? म्हटलं, ठणठणीत.

१३ सप्टेंबर
शोध लागला. न चढता तपासणी.
शाळेत वृत्तं मला तोंडपाठ असत. गुरुजी टेबलावर पट्टी आपटत लघु-गुरु मोजून घेत, आणि सगळा वर्ग डुलायचा. ते दिवस. आज क्रेनखाली डोळे मिटून उभा राहिलो. ओझं उतरताना ब्रेक धरतो, सोडतो, धरतो, तेव्हा क्रेन चक्क लगागा लगागा म्हणते. शुद्ध भुजंगप्रयात. डिस्क झिजली तर वृत्तभंग होणारच. मिलमध्येही साच्याच्या आवाजावरून आम्ही त्याचं दुखणं ओळखायचो. गेज हे नवख्यांसाठी.
भुजंगप्रयाताचा गण लक्षात ठेवायला गुरुजींनी शब्द दिला होता, 'यमाचा'. हुकाखाली रघु उभा असताना तो आठवायला नको होता.

१७ सप्टेंबर
वॉचमन नानाने सकाळी पाहिलं. म्हणाला, मास्तर, शिडीच्या पाया पडून झालं असेल तर चहा घ्या. (कविता म्हणतो म्हणून मी मास्तर.) मी फक्त शिडीला हात लावून उभा होतो. गंज तपासत होतो.
तळहाताला घाम फार येतो. म्हातारपण.
दुपारी रघु डबा घेऊन शेजारी बसला. म्हणाला, मामा, तुम्ही आलात आणि जिवाला स्वस्थता आली. आधीचा माणूस वर जायचाच नाही, खालूनच ठीक आहे म्हणायचा. पाणी प्यायलो. असतात अशी माणसं.

२० सप्टेंबर
वृत्तभंग.
लगागा लगागा चाललं होतं आणि मधेच एक लांब किंचाळी. ऑपरेटरने केबिनमधून वाकून पाहिलं. रघु बाजूलाही सरला नाही. माझ्याकडे बघून हसला.
दौलतला म्हटलं, खाडीची खारट हवा. तो म्हणाला, उद्या जरा नीट बघा. नीट म्हणजे नीटच बघणार.
सुभद्रा सांगते, मी झोपेत पाढे म्हणतो. पाढे नव्हेत ते.

२३ सप्टेंबर, रविवार
शांता माहेरी आली. सातवा महिना लागला. हात जड झालेत, बांगड्या घट्ट होतात म्हणाली. मग म्हणाली, बाबा, यांच्या डोक्यावर काय काय लटकतं ते मला सांगू नका. तुम्ही बघताय तेवढं मला पुरे.
मी तिला तिच्या लहानपणची एक कविता म्हणून दाखवली. दोनदा चुकलो.
ती गेल्यावर सुभद्रा तांदूळ निवडत बसली. मान वर न करता म्हणाली, "तुमका वर चढूक भिया वाटता मां? मगे तसा सांगा. जावय खाली उभो आसता."
म्हटलं, भीती कसली, पितृपक्ष आहे.
"पितर काय शिडयेर बसलेत?"
तिला वृत्तातलं काही कळत नाही.

२६ सप्टेंबर, बुधवार
घटस्थापना. नानाच्या टोपीएवढ्या उंचीपर्यंत गेलो. तिथून जग वेगळंच दिसतं. नानाची टोपी वरून फाटकी आहे. मग शिडी आपोआप थरथरते आहे असं वाटलं. उतरलो. नवरात्राचा उपास धरलाय. उपाशी माणसाने चढू नये.
किंचाळी आता रोजची. ओझं वर असताना मी रघुला हाका मारतो, काहीतरी विचारतो, म्हणजे तो हुकाखालून निघून माझ्याकडे येतो. आज तीच तीच गोष्ट विचारली. रघु म्हणाला, मामा, वेळ किती झाली हे तुम्ही मघाशीच विचारलंत.
दौलतला सांगितलं, ठणठणीत. माझं मलाच पटलं नाही. त्याला पटलं.

१ ऑक्टोबर
घात. खंडेनवमीला क्रेनची पूजा. इथली पद्धत अशी की यंत्राचा जो भाग ज्याच्या देखरेखीखाली, त्याला हार त्यानेच घालायचा. बाकीचे खाली उभे राहून बघतात.
गुडघा दुखतोय असं सांगितलं. रघुने लगेच बाम आणून स्वतः चोळला. गुडघा बरा झाला.

३ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
चढलो.
काम आटोपल्यावर पूजा. गळ्यात पिशवी, पिशवीत हार. डोळे मिटले आणि लहानपणच्या सगळ्या कविता एकापाठोपाठ म्हणत गेलो. कविता संपल्या तेव्हा कपाळ कठड्यावर आपटलं. पोचलो होतो.
डिस्क पहिल्यांदा पाहिली. चकचकीत, अंगावर गोल गोल ओरखडे, कडेला उठून आलेला ओठ. देखणी. गेज खिशात होतं, पण गेज लावायला दोन हात लागतात. माझा एक कठड्याला होता आणि तो सुटायला तयार नव्हता.
हात लावला आणि उलगडा झाला. बिचारी कोरडी ठाक. तहानेने किंचाळत होती. या यार्डातल्या एकालाही हे कळू नये? मिलमध्ये खंडेनवमीला साचा पुसून, तेल पाजून मगच हार घालायचो. तेलाशिवाय हार म्हणजे उपाशी माणसाला गंध लावणं. समईच्या तेलाची बाटली पिशवीतच होती. पोटभर पाजलं. दोन्ही अंगांना, पॅडच्या फटीतसुद्धा. मग हळदकुंकू, मग झेंडूचा हार.
खालून टाळ्या. रघुने शिट्टी मारली. उतरलो कसा ते आठवत नाही. दौलतने पेढा दोनदा दिला. भीती कायमची गेली. घरी येता येता सुचलं:
चढोनी वरी पाहिली लोहथाळी,
तिला पाजिले तेल मी सांजकाळी.
एकही मात्रा इकडची तिकडे नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार
काल दसऱ्याची सुट्टी. आज पहिलं ओझं, मशिनरीची लाकडी पेटी. वर गेली. किंचाळी नाही. लगागाही नाही. नुसती शांतता. नानाला म्हटलं, ऐक, याला म्हणतात इन्स्पेक्शन.
पेटी खाली येऊ लागली. कोणी न सांगता. आवाज न करता.
ऑपरेटर वरून ओरडला. रघु माझ्याकडे बघत उभा होता. निर्धास्त. मी तोंड उघडलं. आवाज नाही. इतक्या वर्षांत पाठ केलेला एक शब्द बाहेर आला नाही. नाना धावला, त्याने रघुच्या सदऱ्याला धरून खेचलं. दोघे आडवे झाले. पेटी जिथे रघु उभा होता तिथे येऊन बसली. त्याचा डबा तिच्याखाली गेला.
दौलत वर चढला. खाली येऊन त्याने बोटं हुंगली.
"हे गोडं तेल आहे. ब्रेकला तेल कोणी घालतं?"
मग म्हणाला, डिस्क तर पापडासारखी झालीय, हे एका दिवसाचं काम नाही. "कुशाबा, वर कधी गेला होतात?"
परवा गेलो होतो, म्हटलं. खोटं बोललो नाही.

६ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. दोष तेलाचा. मिलच्या तेलाला ही खोड नव्हती.
रघुने शांताला काही सांगितलेलं नाही. डबा हरवला म्हणाला. हे सुभद्राकडून कळलं. तिला बाकीचंही कळलेलं आहे असं वाटतं. आमटी वाढली आणि समोर बसून राहिली. मी जेवलो नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार
यार्डात नवी डिस्क बसली. माझं खातं बदललं. आता मुख्य प्रवेशद्वार माझ्याकडे. बिजागऱ्यांना तेल घालायचं. अनुभवी माणूस योग्य जागी लागला म्हणायचं. सकाळीच घातलं. नानाने तक्रार केली, गेट वाजत नाही, त्यामुळे कोणी आलं तरी त्याला जाग येत नाही.
डिस्क बघायचं काम रघुला. गेज त्याने माझ्याकडूनच घेतलं. म्हणाला, "मामा, भीती वाटत होती तर सांगायचंत. मलापण वाटते."
आणि चढू लागला.
मी शिडी धरून उभा राहिलो. दौलत म्हणाला, ती क्रेनला वेल्ड केलेली आहे, धरून काय होणार? तरी धरली. रघु खाली येईपर्यंत एकही ओळ आठवली नाही.