वॉर्म-अपची गरज नसलेला माणूस

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.
आजपासून पंधरा दिवस सक्तीची रजा. साहेब म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांती! बावीस वर्षं फ्रिजच्या कंपनीत तक्रार विभागाचा फोन मी उचलतोय, तेव्हा कुणाला माझी विश्रांती आठवली नाही. शनिवारी एका बाईंना एवढंच सांगितलं, की फ्रिजचं दार लावलं की फ्रिज थंड होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आवाज जरा चढला असेल. रिसीव्हर जरा जोरात ठेवला असेल. तो फुटला, कारण तो कच्चा होता.

परत येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. बी.पी. ताब्यात आहे, अशी. तोवर माझ्या खुर्चीवर टाय बसणार. टाय म्हणजे माझा ज्युनिअर. भर उन्हाळ्यात टाय लावून फोनवर बोलतो, जणू पलीकडच्याला दिसतोय.

मी रागीट नाही. घरी मी बोलायला लागलो की सगळे गप्प बसून ऐकतात. याला आदर म्हणतात.

४ मार्च, मंगळवार.
डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. चालणं हा व्यायाम नाही, तो नाइलाज आहे. मी बॉक्सिंगचा फिटनेस क्लास लावला. संकल्प: पंधरा दिवसांत पोट आत, बी.पी. खाली. ऑफिसात शिरलो की टायने आपणहून खुर्चीवरून उठायला हवं.

बायकोची अट: लेकीला बरोबर न्यायचं. ‘तुम्हाला काही झालं तर फोन करायला कुणीतरी हवं,’ म्हणे. मला काय होणार? लेक हो म्हणाली. सतरा वर्षांची आहे, पण चकार शब्द काढत नाही कधी. तिला रागच येत नाही. माझ्यावर गेली आहे.

५ मार्च, बुधवार. सकाळी ८.
फसवणूक! एक ठोसा मारू दिला नाही.

गाळा आहे, वर पत्रा, खाली रबरी चटई, चार बॅगा टांगलेल्या. शिकवायला बाई. उंची माझ्या खांद्याएवढी, गळ्यात शिट्टी. आधी मान फिरवा, खांदे फिरवा, घोटे फिरवा. मग दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या. मी स्पष्ट सांगितलं, मॅडम, मला वॉर्म-अपची गरज नाही, मी आधीच गरम आहे. त्या म्हणाल्या, तेच दिसतंय, दोरी घ्या.

दोरी आखूड होती. सात वेळा पायात अडकली. लेकीच्या एकदाही नाही. तिला चांगली दोरी मिळाली.

६ मार्च, गुरुवार.
आज नुसतं उभं राहायला शिकवलं. सत्तेचाळीस वर्षं मी काय बसून काढली? डावा पाय पुढे, मागची टाच उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही हात गालापाशी. मॅडम येऊन माझे खांदे खाली दाबतात. म्हणतात, खांदे कानाला का चिकटलेत? सैल सोडा. बावीस वर्षं फोन धरलाय कानाला, कुठून सैल सोडू?

१० मार्च, सोमवार.
अखेर ठोसा. पण हवेत! पुढच्या हाताचा सरळ तो जॅब, मागच्याचा क्रॉस. ताकद दंडातून नाही म्हणे, मागच्या पायातून आणि कमरेतून यायला हवी. आणि मारलेला हात लगेच गालापाशी परत. मॅडम सारख्या ओरडतात: ‘हात परत! मारता जोरात, पण परत आणत नाही. तिथेच मार खाल.’

माणसावर ओरडून काही शिकवता येतं का? पद्धतच चुकीची.

लेकीचं कौतुक झालं. मी म्हणालो, क्लासला मी आणलं तिला.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ७.
पंधरा मिनिटं आधी पोहोचलो. गाळा उघडा, मॅडम अजून बाहेरच. मोठी बॅग समोर टांगलेली. पट्ट्या मनगटाला गुंडाळायच्या असतात, पण त्यात पाच मिनिटं जातात. टायचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि उजवा हात घातला.

बॅगेत नक्की काय भरलंय, याची चौकशी व्हायला हवी.

दुपारी २. मनगट सुजून भोपळा. मॅडम म्हणाल्या, थंड अंगाने, पट्टी न बांधता, मनगट वाकवून मारलंत, आणखी काय होणार? बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी शांत राहिलो. फक्त बशी टेबलावर ठेवली. ती फुटली.

१३ मार्च, गुरुवार.
डावा हात शाबूत आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात सराव. जॅब, जॅब, जॅब. तेवढ्यात बायकोने विचारलं, दूध आणलंत का? मी उत्तर द्यायला वळलो. हात आधीच निघाला होता.

फ्रिजच्या दाराला खळगा. दार लागत नाही. आमच्याच कंपनीचा फ्रिज! हा काय पत्रा झाला? एका जॅबमध्ये पोचा?

तक्रार विभागाला फोन लावला. अठरा मिनिटं संगीत. मग टाय. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे.’ हे वाक्य आठ वर्षांपूर्वी मी लिहिलंय! त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळखूनही दाखवलं नाही. मी आवाज चढवला. तो म्हणाला, ‘सर, मला समजतंय तुम्हाला त्रास होतोय.’ अकरा मिनिटं मी बोललो. एकदाही त्याचा तोल गेला नाही. इतका कोडगा माणूस मी पाहिला नाही. शेवटी म्हणे, बाहेरून मार बसला असेल तर वॉरंटीत येत नाही, पण उद्या माणूस पाठवतो.

माणूस आला तर बघतो.

१४ मार्च, शुक्रवार.
माणूस आला. वेळेवर. दार नीट करून गेला. बोलायला जागाच ठेवली नाही.

बी.पी. पाहिलं. आधीपेक्षा वर. मशीन जुनं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. विचारत होते, चालायला सुरुवात केलीत का?

१७ मार्च, सोमवार.
ऑफिस. चिठ्ठीशिवायच गेलो. टाय खुर्चीवरून उठला, ‘बसा सर’ म्हणाला. साहेबांनी मात्र केबिनमध्ये बोलावलं. तक्रारींचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात, हे मला माहीत असायला हवं होतं. ती सूचनाही मीच लिहिली होती. माझी अकरा मिनिटं नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये ऐकवणार आहेत. अवघड गिऱ्हाईक, नमुना म्हणून.

उद्यापासून मी गोडाऊनला. स्पेअर पार्ट्सची जबाबदारी. स्वतंत्र टेबल. तिथे फोन नाही. याला बढतीच म्हणायला हवं. घरी तसंच सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ८.३०.
मनगट बरं नाही म्हणून मॅडमनी आज मला ठोसे झेलायचे पॅड हातात धरायला लावले. समोर लेक. एक-दोन, एक-दोन, जॅब-क्रॉस, तीन मिनिटं. मॅडम म्हणाल्या, श्वास कोंडू नका, प्रत्येक ठोशाला तोंडातून आवाज बाहेर पडू दे, कुठलाही. बाकीचे हः हः करत होते.

लेकीने पहिले काही ठोसे मुकाट्याने मारले. मग जॅबला म्हणाली, ‘ओरडू.’ क्रॉसला म्हणाली, ‘नका.’

मला वाटलं मॅडमना म्हणतेय.

ओरडू, नका. ओरडू, नका. माझ्याकडेच बघत होती. पाय बरोबर, कंबर बरोबर, प्रत्येक वेळी हात गालापाशी परत. हळूहळू आवाज वाढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती थांबत नव्हती. बाकीचे थांबले. ‘आईवर नका. फोनवर नका.’ मॅडमनी मला खुणेने विचारलं, थांबवू का? मी मान हलवली, नाही म्हणून. पॅड तसेच वर धरले. तळवे बधिर झाले होते.

शिट्टी झाली. तिने ग्लव्हज काढले, तोंड पुसलं, पाणी प्यायली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘बाबा, उद्या येणार ना?’

हळू आवाजात हो म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं.