गाडी ऑइल खाते

६ जानेवारी, सोमवार
गाडीने आज पुन्हा तमाशा केला! नगरला सिग्नलला उभे होतो, तर मागे निळ्या धुराचा हा लोट. मोटारसायकलवाला एक पोरगा नाकाला रुमाल लावून काचेशी आला आणि ओरडला — "आजोबा, गाडी पेटवताय का काय!" ह्यांनी काच वर केली. चेहरा असा, की गाडी शेजाऱ्याची आहे.

माझं डायलिसिस व्यवस्थित झालं. व्यवस्थित म्हणजे काय — सुया टोचल्या, काढल्या, उठवत नव्हतं तरी उठले. परत येताना मी डोळे मिटून पडले होते. डाव्या हातात फिस्टुला आहे, सुया टोचायला शीर जोडून फुगवलेली, त्याला दाराचा धक्का लागू नये म्हणून हे माझ्या आणि दाराच्या मध्ये छोटी उशी लावतात. दोन वर्षांत ती उशी एकदाही विसरलेली नाही. बोलणार नाहीत काही, पण उशी लावतील.

श्रीगोंद्यात घरी आलो तर धुराचा वास साडीला. धुतली पाहिजे.

८ जानेवारी
गोरक्षकडे गाडी दाखवली. त्याचं गॅरेज कारखान्याच्या रस्त्याला आहे. सध्या हंगाम, त्यामुळे दारात नुसते ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या. तरी ह्यांना बघून हातातलं काम टाकून आला. ह्यांचा विद्यार्थी, आठवी ते दहावी भूमिती ह्यांच्याकडे. अजून सरांसमोर खुर्चीवर बसत नाही.

ह्यांनी सगळं सांगितलं — दिवाळीपासून गाडी ऑइल खातेय, रोज सकाळी टाकावं लागतं. गोरक्ष बॉनेटमध्ये वाकला. "ऑइल किती हाय बघू का, सर?"
"सकाळीच बघितलंय मी. बरोबर आहे."
त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. गाडी चालू करून धूर बघितला, सायलेन्सरमध्ये बोट फिरवून बघितलं. काळंकुट्ट. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, सर. इंजिन खोलावं लागंल. आठ दिस तरी जात्याल."

आठ दिवस! आणि माझे सोमवार-गुरुवार?

१० जानेवारी
ऑइलचा डबा संपला. हे नवीन घेऊन आले. ही गाडी आहे की कुंभकर्ण!

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ सगळ्यांना वाटला. मला चालत नाही. जिभेवर एक दाणा तेवढा ठेवला. हळदीकुंकवाला मुक्ताबाईंनी (शेजारच्या) बोलावलं होतं, गेले नाही. बायका हाताकडे बघतात.

ह्यांनी आज दोनदा बॉनेट उघडलं. सकाळी पूजेच्या आधी, आणि चहानंतर पुन्हा. ओट्यावरून खिडकीतून दिसतं. मी ओरडले — अहो, आत्ताच तर टाकलंत! म्हणाले, "ते काल." बरं बाई, काल तर काल. गाडीच्या बाबतीत मी बोलायचं नाही आणि फोडणीच्या बाबतीत त्यांनी. तसं आमचं लग्नापासून ठरलेलं आहे, म्हणून तर टिकलं.

मेथी मात्र पुन्हा आणली! कालची तशीच पडून आहे. मला चालत नाही, हे एकटे किती खाणार? रिटायर झाल्यापासून लक्ष म्हणून नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
आज जीव घाबरला. येताना कोळगावच्या अलीकडे फाट्यावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मी अर्धवट ग्लानीत. विचारलं, काय झालं? "धूर फार येतोय. थंड होऊ दे." स्टिअरिंगवर दोन्ही हात, नजर समोर. उसाच्या डबल ट्रॉल्या अंगावरून जाव्यात तशा चालल्या होत्या, मागे ना दिवा ना काही. अंधार पडायला लागलेला. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मग एक एसटी आली, पाटी श्रीगोंदा. तिच्या मागे गाडी लावली आणि थेट घरापर्यंत तिच्याच मागे.

हुशारी! बंद पडली तर निदान एसटीवाला थांबेल.

गाडीचा इतका राग आलाय. ही गाडी थांबली की मी थांबले. मागच्या उन्हाळ्यात एकदाच एसटीने परत आले होते आणि स्टँडवर चक्कर येऊन पडले. लोकांनी चपला हुंगायला दिल्या — मला काय फिट आली होती? तेव्हापासून हे म्हणाले, पुन्हा बस नाही. मी आहे ना.

१७ जानेवारी
ईराचा पुण्याहून फोन. "आई, ती गाडी विका आणि दोघं इकडे या. नाहीतर ड्रायव्हर ठेवा." ह्यांना सांगितलं. "मी असताना ड्रायव्हर?" एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन बॉनेट उघडलं.

मला पुण्याला जायचं नाही. तिथल्या चौथ्या मजल्यावर मरायचं नाही. लिहिलं खरं. लिहिलं ते बरं झालं.

२१ जानेवारी
ठरलं. गुरुवारी नगरहून आलं की शुक्रवारी पहाटे गाडी गोरक्षकडे. तो रात्रंदिवस काम करून सोमवारपर्यंत देतो म्हणाला. "सरांच्या गाडीला आठ दिस लावीन व्हय? काकूंचा सोमवार चुकू देनार न्हाई." डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

२३ जानेवारी, गुरुवार
घाटात ट्रॉलीच्या मागे अगदी जाऊन पोचलो तेव्हा ब्रेक दाबला. मी किंचाळले. ऊस काचेच्या इतका जवळ, की हात काढून मोडून घ्यावा. हे म्हणाले, "इंजिनात दमच राहिला नाही." दमाचा आणि ब्रेकचा काय संबंध, विचारणार होते. अंगात त्राण नव्हतं.

उद्या एकदाची जाते बया गॅरेजला.

२४ जानेवारी, शुक्रवार
दुपारी गोरक्ष आला. एकटाच, चालत. गेटपाशीच उभा.
"सर हायेत का?"
झोपलेत म्हटलं. आत ये.
आला नाही. चपलेने मातीत रेघा ओढत राहिला. मला वाटलं, काम सोमवारपर्यंत होत नाही ते सांगायला आलाय. म्हटलं, सांगून टाक बाबा.

"काकू, इंजिन खोललंच न्हाई म्या. आधी ऑइल काढावं म्हनून खालचा नट काढला, तर थांबंचना. टब भरला, भाईर सांडलं. बसतं त्याच्या दुप्पट हुतं."
मला कळेना. म्हणजे?
"म्हंजे गाडी ऑइल खात न्हाई. लई झालंय म्हनून धूर. मापात भरलं, चालू केली, फिरवून आनली — येवढाबी धूर न्हाई." मग खाली बघून — "कुनीतरी वततंय, काकू. सारखं सारखं."

कुणीतरी म्हणाला! नाव घेतलं नाही पोराने.

"चूक माझीच हाय. त्या दिशी ऑइल मापायची पट्टी काढून बघाया पायजे हुती. पन सर म्हनले बघितलंय. सरांनी माप सांगितल्यावर वर्गात कुनाची छाती हुती का पट्टी लावायची?"

तो गेला. मी तिथेच पायरीवर बसले. मागच्या भिंतीला रिकामे डबे रांगेने लावलेले. रोज बघत होते मी ते. रोज बघत होते आणि गाडीला शिव्या घालत होते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मेथी. "ते काल." आणि त्या फाट्यावर — धूर नव्हता. आता आठवतंय, काच खाली होती आणि वास नव्हता. त्यांना रस्ता आठवत नव्हता. श्रीगोंद्याची पाटी बघून एसटीच्या मागे लागले. आणि मी हुशारी म्हणून लिहून ठेवलं! ज्या रस्त्याने तीस वर्षं बोर्डाचे पेपर नेले, तो रस्ता! आणि एक शब्द बोलले नाहीत. मी घाबरेन म्हणून? की स्वतःच घाबरले होते?

राग येतोय. गाडीवर काढता येत होता तेव्हा सोपं होतं.

२५ जानेवारी
ईराला अजून सांगितलं नाही. फोन हातात घेतला आणि ठेवला.

गोरक्षने सकाळी गाडी दारात आणून लावली. ह्यांना म्हटलं, गाडी झाली दुरुस्त. लहान मुलासारखे खुश! "बघ, मी म्हणत नव्हतो? रिंगाच!" मुक्ताबाईंच्या नवऱ्याला कुंपणावरून समजावत होते रिंग म्हणजे काय. इतकं सुरेख समजावत होते. वर्तुळ, व्यास, फट — एक शब्द चुकला नाही.

ऑइलचा डबा मी गव्हाच्या पिंपामागे लपवला. दुपारभर शोधत होते. काय शोधताय विचारलं तर "काही नाही."

२६ जानेवारी
रात्री झोपेत त्यांचा हात माझ्या हातावर होता. उजव्या. झोपेतही डाव्याला लागत नाहीत.

गोरक्षला निरोप दिला, उद्या तू ये, गाडी तू चालव. ह्यांना कसं सांगायचं? चावी कशी मागायची? सबंध दिवस शब्द जुळवतेय.

२७ जानेवारी, सोमवार
शब्द लागलेच नाहीत. गोरक्ष आला, हे स्वतःच चावी त्याच्या हातात देऊन माझ्या शेजारी मागे बसले. दाराशी उशी लावली. माझा डावा हात हळूच उचलून तिच्यावर ठेवला. गाडी गावाबाहेर आल्यावर पुढे वाकून हलक्या आवाजात विचारलं, "गोरक्ष, दवाखान्यात कशाला चाललोय रे? कोण आजारी आहे?"