एकच नर

१२ सप्टेंबर १९८८, जळगाव
डोकं फिरलंय! विभागप्रमुख फालक सर आज सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसानं नरांची जननांगं कोरत बसायचं? ते काम अभिमनला दे." अभिमन, माझ्याच बरोबरीचा संशोधक विद्यार्थी, खाली मान घालून हसला.

तुडतुड्यांच्या जाती त्या अवयवावरूनच ओळखतात, हे सरांनीच शिकवलंय! तीन मिलिमीटरचा किडा. मी सुईनं त्याच्या पोटाचं फक्त टोक मोकळं केलं, अवयव रेखाटला. कुठल्याच पुस्तकात नाही असा! नुसती नवी जात नव्हे, अख्खी नवी प्रजाती — जातीच्या वरची पायरी. आणि म्हणे अभिमनला दे. नाही देणार.

१३ सप्टेंबर
सर : "एकाच नरावर एवढी उडी?"
मी : "माझी खात्री आहे, सर."

२ ऑक्टोबर, धुळे
तानुआत्याकडे. हिच्याच शेताच्या बांधावर तो नर सापडला होता. दिवसभर गवतात जाळी फिरवली. दोन माद्या मिळाल्या, नर एकही नाही.
आत्या म्हणाली, "हाऊ तं तुडतुडा शे! यानासाठे इतली दूर उनी?"
म्हटलं, "आत्या, जगात कुणी पाहिला नाहीये हा."
"मी तं रोज देखस!"
महिन्याभरात पहिल्यांदा हसले.

१९ जानेवारी १९८९, जळगाव
सरांच्या टेबलावर माझ्या किड्यावरचा टाइप केलेला शोधनिबंध दिसला. लेखक — सर आणि अभिमन. अभिमन!! त्यानं तो किडा भिंगाखाली धरलासुद्धा नाही.
शेवटच्या ओळीत : 'रेखाटनात मदत केल्याबद्दल कु. सुनंदा हिचे आभार.'
मदत!

२० जानेवारी
विचारलं. दार मुद्दाम उघडं ठेवून विचारलं. ऐकू दे सगळ्यांना.
"तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते, सुनंदा." एवढंच. तेही चहा पिता पिता.
बाहेर आले तेव्हा हातातली काचपट्टी फुटलेली होती. बोट कापलंय. रडले नाही.

२१ जानेवारी
आई म्हणते, "सही होईपर्यंत गप राहा."
गप, गप, गप!

११ ऑगस्ट
तो शोधनिबंध नियतकालिकात छापून आला. सरांनी पेढे वाटले. अभिमन म्हणाला, "घे ना, तुझाही वाटा आहे." पेढा त्याच्याच टेबलावर आपटला.

३ सप्टेंबर, धुळे
आत्याच्या बांधावर या खेपेला चौदा नर! आता बघते म्हणावं. यांचं पुढचं सगळं काम माझ्या नावानं.

४ सप्टेंबर, जळगाव
कॉलेजला गेले नाही. घरीच भिंग लावून बसले.
तेरा नर अगदी साधे. अवयव पुस्तकातल्यासारखे, जुन्याच जातीचे. चौदावा मात्र आमच्या नरासारखा. त्याचं पोट उघडलं तर आत दुसराच किडा वाढत होता. परजीवी. त्यानंच अवयव खुरटवलाय, वाकडा केलाय.
तीनदा पाहिलं.
नवी प्रजाती नाही. कधी नव्हतीच.
आधी पोट धरून हसले. सरांची फजिती! मग आठवलं — 'खात्री आहे' म्हणाले ती मीच.

९ सप्टेंबर
त्याच नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. खाली माझ्या एकटीचं नाव. सही गेली तर जाऊ दे. पहिलं वाक्य असं लिहिलंय : 'ही प्रजाती नवी आहे, असा चुकीचा निष्कर्ष मूळ संशोधन करताना मी काढला.'