इस्त्री न लावता

१२ तारीख, बुधवार
दुपार, दुकानातूनच

भिंगरीच्या आईस,

मायना काय लिहावा यातच दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, नुसतं नाव लिहिलं तर वकिलाची नोटीस वाटेल. म्हणून जे खरं आहे ते लिहिलं. तू बरी असशील. तुझ्या वॉर्डातली माणसं बरी होवोत आणि तुला कधीतरी पाय टेकायला वेळ मिळो.

इकडे सगळं ठीक. मोठी इस्त्री या महिन्यात दोनदा बंद पडली. हॉटेलवाल्यांच्या चादरी वेळेवर येत नाहीत आणि त्यांना त्या वेळेवर परत मात्र हव्या असतात. भिंगरी दाराच्या चौकटीवरच्या खुणेपेक्षा दोन बोटं वर गेली. गणिताची बोंब आहे तशीच आहे, ती बहुधा माझ्याकडून आली.

फोन करायला हवा होता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी मध्येच गप्प होतो. म्हणून कागद.

काम एवढंच आहे. आपलं नवीन लग्न झालं होतं तेव्हा कुठे जायचं असलं की तू घरीच केस सरळ करायचीस, गरम काही न लावता. ते नेमकं कसं करायचीस? केस किती ओले ठेवायचे, कुठल्या बाजूने गुंडाळायचे, किती वेळ ठेवायचे? मला आठवत नाही. खरं सांगायचं तर आठवायला मी ते कधी पाहिलंच नाही.

विचारायचं कारण, भिंगरीच्या केसांना जरा धग लागली आहे. फार नाही, डाव्या कानामागे तीन बोटं रुंद. कातडीला काही झालेलं नाही, तू नर्स आहेस म्हणून आधी तेच सांगतो. पण तेवढे केस मुळापासून चार बोटांवर तुटले, आणि बाजूचे काही अजून हातात येतात. समोरची पार्लरवाली म्हणाली, तीन महिने गरम वस्तू जवळ आणायची नाही. सरळ हवेच असतील तर ओलसर केस डोक्याभोवती गुंडाळा, चिमटे लावा, वरून रेशमी रुमाल बांधा आणि वाळेपर्यंत थांबा. तिने हे मला अशा सुरात सांगितलं की जणू मी पार्लरमध्ये जाऊन तिचा आरसा फोडला होता.

थांबा म्हणे. पहिल्या दिवशी केस जास्तच ओले राहिले. चार तास झाले तरी आतून गार. सोडले तर अर्धे सरळ, अर्धे स्प्रिंग. दुसऱ्या दिवशी चिमट्यांच्या खुणा पडल्या. पंचवीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरच्या सुरकुत्या काढतोय आणि पोरीच्या केसांवर मीच घड्या पाडून ठेवल्या. मग पार्लरवालीने दुसरी युक्ती दिली. शेपटी बांधायची आणि दोन-दोन बोटांवर मऊ रबर लावत खाली यायचं, म्हणजे ताण राहतो. ताण राहिला, पण दर दोन रबरांच्या मध्ये एक फुगवटा आला. भिंगरी आरशात बघून म्हणाली, "बाबा, मी दुधीभोपळ्याचा वेल झालेय." मला हसू आलं नाही. तिलाही आलं नव्हतं.

तत्त्व मला कळत नाही असं नाही. ओल द्या, ताण द्या, हलवू नका, वाळू द्या, कापड आपोआप सरळ होतं. पडदे मी असेच करतो. पण पडदा खाज सुटली म्हणून डोकं खाजवत नाही, आणि पडद्याला गणिताचा क्लास नसतो. पाचव्या दिवशी एकदाचे नीट झाले. थंड वाऱ्याचा पंखा लावून, अर्ध्या तासाने दिशा बदलून गुंडाळून, सगळं केलं. पोरगी खुशीत मला दाखवायला दुकानात आली आणि वाफेत दहा मिनिटं उभी राहिली. झालं. कपाळापासून पुन्हा कुरळे. मी त्या दिवशी उगाचच हॉटेलवाल्याला फोनवर झापलं.

आता मूळ गोष्ट. ही धग कशी लागली, हे मी वर सोडून दिलं. तू वाचताना थांबली असशील, मला माहीत आहे.

इस्त्रीने लागली. दुकानातल्या.

रविवारी तू आलीस की भिंगरी तुला सांगेल, "मीच केलं, बाबा दुकानात नव्हता." पार्लरवालीला तिने हेच सांगितलं, वर्गशिक्षिकेलाही हेच. इतकं बेमालूम सांगते की दोन दिवस मलाही बरं वाटलं. परवा ती आरशासमोर तुझ्यासाठी तेच वाक्य घोकत होती. कधी "बाबा नव्हता", कधी "बाबा बँकेत गेला होता". तेरा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं पाठ करते आहे, आणि मी बाहेर उभा राहून ऐकतो आहे. म्हणून हे पत्र.

मी होतो. हात माझा होता.

त्या सकाळी ती शाळेला निघत होती आणि कंगवा निघेना. मला उशीर झाला होता. मी म्हणालो, "काय या झिंज्या, अगदी आईवर गेलीस." एवढंच. तू हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा ऐकलंस ते तुला ठाऊक. तिने दप्तर खाली टाकलं, दुकानात गेली आणि इस्त्रीच्या टेबलावर गाल टेकून केस पसरले. "कर मग सरळ. तुझं कामच आहे ना ते," म्हणाली.

मी तिला उठवायला हवं होतं. पण मीही इरेला पेटलो. शिवाय, आता लपवून काय करू, मला वाटलं जमेल. रेशमाला किती धग, लोकरीला किती, हे मला झोपेतून उठवून विचार. मी इस्त्री रेशमावर आणली. वर कापड घातलं. आणि सवयीने काय केलं असेल? पाणी शिंपडलं. आमच्या धंद्यात पाणी शिंपडल्याशिवाय कुणी इस्त्री टेकवत नाही. ओल असली की कापड जळत नाही, हे माझ्या बापाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. केसांचं उलटं असतं. ओल्या केसांत पाणी आतल्या आत उकळतं. पार्लरवाली म्हणाली, "अहो, कोरड्यावर लावली असती तरी एवढे गेले नसते." चर्र आवाज झाला आणि वास आला. कापड उचललं तर बट कापडाबरोबर आली.

ती रडली नाही. "बाबा, इस्त्री बंद कर," एवढंच म्हणाली. मला अजूनही कळत नाही मी ते पोरीसाठी केलं की माझंच म्हणणं खरं करायला.

या वीस दिवसांत एक गोष्ट मात्र कळली. गुंडाळायला चार तास लागतात. तू समारंभाच्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून अर्धा दिवस फिरायचीस. मी म्हणायचो, "डोक्याला बँडेज का?" आणि त्या चार तासांत दोनदा चहा मागायचो. घरातून निघताना तू विचारायचीस, "बरे दिसतात का?" मी म्हणायचो, "मागून थोडे राहिलेत." मागचे स्वतःला जमत नाहीत, हे मला आता माहीत आहे. भिंगरीचे मागचे मी करतो. तुझे मागचे कुणी करत नव्हतं. लाज वाटते, म्हणून लिहितो.

गेल्या रविवारी पुन्हा नीट जमले. दुकान बंद ठेवलं, वाफ नाही, घाई नाही. अगदी सरळ, तुटलेली बटसुद्धा झाकली गेली. ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, "आता मी आईसारखी नाही ना दिसत?"

मी म्हणालो, "नाही." तिला तेच हवं असेल असं मला वाटलं.

ती वळली, मोरीत गेली आणि नळाखाली डोकं धरलं. सगळी दुपार वाहून गेली. मला राग यायला हवा होता, सवयीने आलाही, पण मी टॉवेल घेऊन गेलो. पुसता पुसता केस माझ्या बोटांभोवती गोल होत गेले.

आपलं ठरलं होतं की सातवी संपेपर्यंत ती माझ्याकडे आणि मग तू येऊन ठरवायचं. रविवारी तू ठरवशील. हे वाचून "याच्याकडे पोर ठेवायची नाही" असं म्हणालीस तर मी अडवणार नाही. ती इथे राहावी असं मला फार वाटतं. पण तिने माझ्यासाठी बोललेल्या खोट्याच्या जोरावर नको. ती बँकेचं सांगू लागली तर तिला मध्येच थांबव आणि सांग, बाबाने सगळं कळवलंय.

वर जे विचारलं ते आता सांगू नकोस. सरळ करायची रीत नको.

एकच मागणं आहे. चौदा वर्षं तुला दाराशी अडवून "आधी केस बांध" म्हणणारा मीच. रविवारी बसमधून उतरशील तेव्हा बांधून येऊ नकोस. मोकळे सोडून ये, जसे असतील तसे. भिंगरी थांब्यावर उभी असेल. तिला लांबूनच दिसू दे.

तूच ठेवलेल्या नावाचा,
कडकराव