निबंधाची सावड

मु. लोधिवली, आषाढ, सन १९४६

राजमान्य आबाजीराव यांस सहदेव मास्तरचा नमस्कार. कर्जतेस सगळी खुशाल असाल. सासूबाईंचा खोकला उतरला का? तुमची बहीण बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांचा हुकूम आला, की चौथीच्या पोरांनी एकत्र बसून ‘आमचा गाव’ असा एकच निबंध लिहावा, तो साहेब स्वतः ऐकतील. मी वर्गात समजावले, एकाचे काम सगळ्यांनी मिळून उरकायचे. मालोजीचा नागू म्हणाला, “म्हंजी सावडच की, गुर्जी.” (आज सगळे मिळून माझ्या भाताची लावणी करा, उद्या तुमची, ती सावड.) मी थकलेला माणूस, म्हटले, हो बाबा, सावडच.

मग पोरांनी लावणी करावी तसा निबंध लिहिला, म्हणजे मागे मागे सरकत. ‘म्हणून आमचा गाव आम्हांस आवडतो’ हे वाक्य सर्वांत आधी लागले. गावात विहीर एक, निबंधात चार. ज्याने त्याने आपल्या आळीत खणली. तरी साहेब खूश होऊन गेले. पोरे मात्र उठेनात. सावडीत जेवण ज्याचे शेत त्याच्याकडे, आणि निबंध तर गुरुजींचा! सुंदराने रेशनचा सगळा तांदूळ शिजवला, आणि तेव्हापासून अबोला धरला आहे.

संध्याकाळी मालोजी आला. “गुर्जी, रोप तयार हाय. आमच्याकडं फेडाया कवा येता?” मी म्हटले, अरे, मी मास्तर. तो शांतपणे म्हणाला, “पोरांनी तुमचं काम केलं ना? सावड बुडवली तर गावातलं एक पोर शालेत येनार नाय.” पोरे नाहीत तर शाळा नाही, आणि शाळा नाही तर मी कुठे जाऊ? काल त्याच्या खाचरात दिवसभर वाकलो. हे पत्र पालथा पडून लिहीत आहे. अजून सगळा वर्ग फेडायचा आहे. खरे सांगतो, आता होत नाही.

तुमचा मेव्हणा,
सहदेव

ता. क. सावडीत घरचा बदली माणूस चालतो. मेव्हणा घरचाच, असा निवाडा मालोजीने दिला आहे. तुम्ही तालमीत जाता हे मीच सांगितले. जुने धोतर घेऊन या.

पुन्हा ता. क. आत्ताच साहेबांचा शेरा आला. उपक्रम स्तुत्य, दरमहा एक निबंध लिहवून घ्यावा. तेव्हा धोतरे दोन आणा.