वज्याच्या डब्यांना आलेला वास

हरमल,
चवथीच्या आधी तीन दिवस

तीर्थरूप ताईस,

यशवंतचा नमस्कार. (वाकून केला असे समज. पाय सध्या बादलीत आहेत.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजी पावसात छत्री नेतात की अजून डोक्यावर वर्तमानपत्रच धरतात? आम्ही सगळे ठीक. फोन करत नाही, कारण तुझ्या फोनचा आवाज साखळीच्या बाजारापर्यंत जातो आणि तुझ्या भिंतीपलीकडे तर आमच्या सेजलचे सासरच आहे. स्थळ तूच आणलेस, भिंतही तुझीच, तेव्हा आता सांभाळूनही तूच घे.

सेजल जुलैत माहेरी आली होती. माझ्या पायांच्या चिखल्या बघून तिने टी ट्री ऑइलची बोटभर बाटली काढून दिली आणि सांगितले, "बाबा, दोन थेंब खोबरेल तेलात मिसळून लावायचे. आणि पोटात घ्यायचे नाही." मी दुसरे वाक्य पाळले. तेल तसेच बोटांच्या बेचक्यांत ओतले आणि अंगणात असा नाचलो की मागच्या खोलीतल्या पाहुण्याला वाटले, कसला तरी सण आहे. (त्याने व्हिडिओ काढला आहे.) पुढे मात्र खोबरेलात मिसळून लावले आणि पंधरा दिवसांत खाज गेली. एकदा गुण आल्यावर माणूस गप्प बसतो का? मी मोठी बाटली मागवली.

मग आमच्या चिरंजीव परेशच्या डोक्यातला कोंडा, भाड्याच्या खोल्यांतली बुरशी, गाद्यांचा कुबट वास, कचऱ्याचा डबा, पुसायचे पाणी, सगळीकडे थेंब पडू लागले. बुरशी खरोखर कमी झाली, हे तुझी भावजय रंजनाही मान्य करते. पण तुयेच्या कारखान्यात परेशला सुपरवायझरने विचारले, "घरी कोण आजारी आहे काय रे?" मांजर घर सोडून गेले. मांजरांना हे तेल बाधते, असे सेजलने मागाहून फोनवर सांगितले. मांजराला ते आधीच कळले होते. आता ते शेजाऱ्यांकडे बांगडे खाऊन सुखी आहे. रंजना म्हणते, "घराचा हॉस्पिटल केल्यात तुमी! आता फकत सलायन लावूक रवला!"

असो. सेजलची लग्नानंतरची ही पहिली चवथ, म्हणून आमच्याकडून तिच्या सासरी फराळ-नारळांचे वजे जायचे होते. तुला ठाऊकच आहे, सासरी वजे येते तेव्हा आधी आळीतल्या बायका येऊन डबे उघडतात आणि मग वर्षभर सुनेचे माहेर त्या डब्यांवरून ओळखले जाते. (तुझ्या वज्यातला लाडू भावोजींच्या आत्याने खलबत्त्यात फोडला होता. चाळीस वर्षे झाली, अजून ऐकतो आपण.) म्हणून रंजनाने तीन दिवस खपून, खोबऱ्याचे सारण भरून, कडा मुरडून एकशे एक नेवऱ्या केल्या. परेशने आज वजे साखळीला पोचते केले. नारळ, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीचे सामान, लाडू, नेवऱ्या, सगळे व्यवस्थित. चिंतेचे काही कारण नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
यशवंत

ता. क. चिंतेचे थोडे कारण आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून मी नेवऱ्यांचे पत्र्याचे डबे आतून त्या तेलाने पुसले होते. रंजनाला सर्दी होती, आणि मला आता तो वास येतच नाही. वजे गेल्यावर मागे उरलेल्या डब्यातली एक नेवरी परेशने तोंडात घातली आणि थुंकायला अंगणात धावला. ताई, तू दरवर्षी खंडीभर नेवऱ्या करतेस. आळीतल्या बायका यायच्या आत काहीतरी निमित्त काढून पलीकडे जा आणि डबे बदल. सेजलला आयुष्यभर 'औषधवाल्यांची मुलगी' म्हणून घेऊ देऊ नकोस.

ता. क. २. सकाळ झाली. परेश हे पत्र घेऊन निघायला गाडी काढतो आहे, तोच विहीणबाईंचा फोन आला. मी उभ्याउभ्या घामाघूम. पण त्याच रडवेल्या! म्हणाल्या, सेजलने महिनाभर त्यांचे सगळे घर, फडताळसुद्धा, कसल्याशा तेलाने पुसले आहे. तुमच्याकडच्या एवढ्या चांगल्या नेवऱ्या आमच्या फडताळात ठेवल्या आणि रात्रीत वास लागला. कोणाला दाखवायच्या आत आम्ही त्या बाजूला काढल्या, नव्या करून घेतो, पण वहिनींना सांगू नका, आम्हांला मोठेपणाने माफ करा.

ताई, मी माफ केले.

तेव्हा डबे बदलू नकोस. तुझ्या नेवऱ्यांतल्या पंचवीसेक परेशबरोबर इकडेच पाठव, आमच्या घरात खाण्यासारखी एक उरलेली नाही. आणि हे पत्र वाचून झाल्याबरोबर जाळ. नुसते फाडून ठेवू नकोस, कागद हुंगून बघ म्हणजे कळेल. आणि जाळशील तेही भिंतीपासून लांब.